गमछ्याखालचा हात

बैलांच्या बाजारात मी बरीच वर्षं दलाली केली. त्यातल्या एका सौद्यात मी जाणूनबुजून खोटं बोललो आणि एक जोडी फोडली. बैलांचं काय एवढं, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हे पान उलटून पुढं जावं, मला राग येणार नाही. संपादकांनी मला तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा असं सांगितलं होतं. गमती आहेत, थोड्या सांगतोही. पण लिहायला बसलो की हीच गोष्ट पहिली समोर येते, आणि ती बाजूला सारून पुढं लिहिता येत नाही.

दलाल हा शब्द आता शिवीसारखाच वापरतात. नव्वदीच्या त्या वर्षांत सीमेपलीकडच्या, हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटच्या आसपासच्या बाजारांत मात्र दलालाशिवाय बैल दाव्यावरून सुटत नसे. काम दिसायला सोपं. विकणाऱ्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचा, वर गमछा टाकायचा आणि बोटांनी भाव विचारायचा. सौदा हजारात की शेकड्यात, एवढंच आधी तोंडानं बोलायचं. मग एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. पंजा दोनदा दाबला की दहा. अर्धा सांगायचा तर मधल्या पेरावर दाब. तो आकडा मनात ठेवून घेणाऱ्याकडं जायचं, त्याचा हात गमछ्याखाली घ्यायचा, त्याचं ऐकायचं आणि परत यायचं. दोघं एकमेकांपासून दहा हातांवर उभे असतात, पण दोघांचे आकडे फक्त दलालाला ठाऊक. चारचौघांत कुणाची बोली पडत नाही, कुणाचा अपमान होत नाही, भांडण होत नाही. जमलं की दोन्हीकडून शंभर-शंभर रुपये, नाही जमलं तर चहा.

एका गावच्या मास्तरांना ही रीत कितीही सांगितली तरी समजली नाही. गमछ्याखाली मी त्यांची बोटं दाबली की ते मोठ्यानं म्हणत, "म्हणजे सहा हजार ना?" सगळा बाजार हसायचा. शेवटी विकणारा तिकडूनच ओरडला, "गुरुजी, तुमच्यासाठी गमछा नाही, भोंगा आणा लागते!"

भरवेलीच्या खदानीत कामाला असलेला सुखराम तर आमच्या बाजाराचा ठरलेला विनोद होता. गावाकडं त्याची दोन एकर धानाची शेती होती. कडबा कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. मला हे माहीत नव्हतं. एका बैलासाठी मी त्याचा अख्खा पंजा दाबला, पाच हजार म्हणून. त्यानं आनंदानं "मंजूर!" अशी आरोळी दिली, कारण त्याच्या हिशोबानं ते तीनच होते. मग जे भांडण झालं ते मिटवायला डोमाजी काकांना यावं लागलं.

"पुढच्या टायमाले डावा हात देत जाय," काका म्हणाले.

"डाव्या हातानं सौदा करते का काका कोणी?"

"मंग बोटं उगव बाप्पा. आमचा धंदा काहून खराब करून राह्यला?"

डोमाजी काका माझे गुरू. नात्यातले नव्हते. रोजी शोधत बाजारात आलो तेव्हा त्यांनीच मला हाताशी धरलं, अगदी खऱ्या अर्थानं. दर बाजाराच्या सकाळी चहाच्या टपरीवर ते माझा हात स्वतःच्या हातात घेत आणि डोळे मिटून जरा वेळ धरून ठेवत. मग म्हणत, "जाय." किंवा म्हणत, "आज बस." बस म्हटलं की दिवसभर झाडाखाली बसायचं, गुरांना पाणी दाखवायचं, पण गमछा खांद्यावरून काढायचा नाही. घरी भांडण झालेलं असो, अंगात ताप असो, पैशाची ओढाताण असो, त्यांना ते तळहातावरून समजत असे.

एका पावसाळ्यात त्यांच्याच घराची मागची भिंत पडली. पैसे हवे होते. मला वाटलं, आता काका दुप्पट सौदे करतील. तर ते लागोपाठ तीन बाजार नुसते बसून राहिले आणि मधल्या दिवसांत एका राईस मिलवर पोती उचलायला गेले. त्या वयात! मी त्यांचा चेला, त्यामुळे माझीही कमाई बंद. मी वैतागून म्हणालो, "काका, पैसे पाह्यजे तवाच तं काम करा लागते ना?"

"कर ना. कोणतंबी कर. हे नको करू."

"काहून?"

"आपल्याले पैसे पाह्यजे असले का समोरच्याच्या हातातबी पैसेच दिसते. बैल दिसत नाही, माणूस दिसत नाही. मंग कायची दलाली?"

ते असंही म्हणत, की माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातानं बोलता येत नाही. एवढ्या एका बाबतीत मी त्यांना खोटं पाडलं. पण ते पाहायला ते उरले नव्हते. मी सांगतो आहे त्या गोष्टीच्या वर्षभर आधीच ते गेले. अजूनही बाजाराच्या दिवशी सकाळी चहाचा ग्लास डाव्या हातात घ्यायची सवय सुटलेली नाही. उजवा त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा लागे.

तेव्हा आम्ही बालाघाटला एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मी, माझी बायको सुमन आणि दोन मुलं. गावाबाहेर प्लॉट पडत होते. सुमननं वर्षानुवर्षं मागं टाकलेल्या पैशांतून एका प्लॉटचा बयाणा दिला. उरलेली रक्कम सोमवारपर्यंत भरायची होती, नाहीतर बयाणा बुडणार. सगळीकडून गोळा करूनही हजार रुपये कमी पडत होते. आज हजाराचं नाव काढलं की मुलं हसतात. तेव्हा मी ज्या तीन-चार दारांत गेलो, त्यांनी मला पाहून आधीच आपली रडगाणी सुरू केली होती.

शनिवारी परसवाड्याचा बाजार. मी पहाटे निघालो तर सुमन दारात उभी.

"आज नका जाऊ."

"मंग पैसे कोण आणून देईल?"

"काका असते तं जाऊ देल्लं असतं का तुमाले?"

"काका नाही ना आता."

"मंग मी पाहू तुमचा हात?" तिनं खरंच हात पुढं केला. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो, आणि तसाच बाहेर पडलो.

बाजारात त्या दिवशी एकच जोडी बघण्यासारखी होती. एक लाखेच्या रंगाचा, त्याचं नाव लाख्या. दुसरा पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला बांड्या. ऐन उमेदीतले, अंगावर माशी बसू न देणारे. त्यांच्यासोबत एक म्हातारा, अंगात धुतलेली बंडी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. कारूजी बाबा. रामपायलीहून जोडी घेऊन पायी आले होते. एवढ्या लांब का आणली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आमच्याकडं आता जिकडं तिकडं ट्रॅक्टर झाले. इकडं अजून बैलानं शेती वाहते म्हणते. कामात राह्यतीन तं बरे राह्यतीन."

का विकताय, हे मात्र मी विचारलं नाही. काका आधी तेच विचारत.

मी गमछा टाकला. त्यांनी चौदा सांगितले आणि मग आपणच मोकळेपणानं माझ्या कानाशी म्हणाले, "तेरा भेटले तरी दे. भावाचं काही नाही. पण जोडी फोडायची नाही. एका घरी गेली पाह्यजे. नाही तं मी परत नेतो."

आणि त्यांचा हात थरथरत होता. गरम होता, ओला होता, आणि माझ्या हातात धरलेल्या पाखरासारखा हलत होता. मी मनात म्हटलं, याला पैशाची घाई आहे. आजच्या आज हवेत याला.

पहिला घेणारा रामप्रसाद, परसवाड्यापलीकडचा शेतकरी. तो जोडीभोवती दोनदा फिरला, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्या हातात साडेतेरा दाबले. वर म्हणाला, "आधे आज, आधे धान के बाद. जोडी ही चाहिए भैया, एक बैल लेके क्या करूँगा?" काका असते तर सौदा तिथंच झाला असता. दोन्ही हात एकमेकांना भेटलेच होते, फक्त मी मधून बाजूला व्हायचं होतं.

तेवढ्यात मुन्ना सेठनं मला टपरीमागं बोलावलं. मुन्ना सेठ बाहेरगावचा व्यापारी, एका बाजारात घ्यायचा आणि दुसऱ्यात विकायचा. "परभू भाई, बारा में करा दे. पूरा नगद. हजार तेरा अलग से."

हजार. नेमके तेवढेच.

मी रामप्रसादकडं गेलो, गमछा टाकला आणि विकणाऱ्याचा शेवटचा भाव म्हणून पंधरा दाबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. मग कारूजी बाबांकडं आलो. "तो अकराच्या वर जात नाही बाबा, आन् तेबी अर्धे उधार. सेठ बारा देऊन राह्यला, सगळे आज."

"जोडी ठेवते ना तो?"

"हौ."

सेठही हसून म्हणाला, "हाँ बाबा, बिल्कुल."

हे करताना माझा चेहरा अगदी शांत होता, हे मला सांगायचं आहे. दलालाला चेहरा कोरा ठेवता येतो, तो कामाचा भागच आहे. मी स्वतःची समजूतही घातली होती: म्हाताऱ्याला घाई आहे, उधारीवाल्यापेक्षा रोखीवाला त्याच्या फायद्याचा, मी त्याचं भलंच करतोय. सेठनं नोटा हातात ठेवल्या तेव्हा बाबांनी त्या मोजल्याही नाहीत. धोतराच्या गाठीत खोचल्या आणि लाख्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत उभे राहिले. घाई असलेला माणूस नोटा मोजतो. मी ते पाहिलं आणि दुसरीकडं बघू लागलो.

सोमवारी प्लॉटचे पैसे भरले. सुमननं देवापुढं साखर ठेवली. "कुठून आणले?" असं तिनं एकदा विचारलं. मी "सौदा झाला" म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण साखर मला हातावर न देता वाटीत ठेवून दिली.

पुढच्याच बाजारात सेठ भेटला. जोडी कुठाय, म्हटलं. "फूट गई यार. लाखा अलग गया, बांडा अलग. ऐसे ज्यादा मिलता है."

त्याच दिवशी दुपारी कारूजी बाबा आले. विकायला काही नाही, घ्यायला काही नाही. बैलांच्या रांगांमधून एकेका बैलाकडं बघत फिरले आणि मोहाच्या झाडाखाली माझ्याजवळ येऊन बसले.

"परभाकर, कशी आहे रे जोडी?"

"मजेत आहे बाबा."

"कोण्या गावाले गेली?"

मी घाटापलीकडच्या टेकाडी गावाचं नाव सांगितलं. कारण ते लांब होतं.

"कोणाच्या घरी?"

"पटलाच्या." कारण पटेल, म्हणजे गावचा पाटील, कुठल्याही गावात असतोच.

मग ते दर बाजाराला येऊ लागले. दोन चहा मागवत, पैसे तेच देत, आणि विचारत. मी सांगत गेलो. पटलानं गोठ्यावर नवी कौलं घातली. दोघांना एकाच गव्हाणीत चारा टाकतात. एकदा तर बांड्यानं पटलाच्या पोराला ढुशी मारली असं सांगितलं. कारूजी बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मारतेच तो! माह्या बुढीलेबी मारलती. ती म्हणे, याले विकून टाका. आन् सकायी पयली भाकर त्यालेच देये." त्यांची बायको वारली होती हे मला तेव्हा समजलं. दोन्ही वासरं तिनं वाढवलेली.

खरं सांगायचं तर मलाही त्या दुपारची ओढ लागली. तिकडं प्लॉटवर खुंट्या ठोकल्या जात होत्या, मोजमापं चालली होती, आणि मी बाजारात बसून दोन बैलांसाठी एक घर रचत होतो. त्या घरात सगळं ठीक चाललं होतं.

पोळा जवळ आला. बाबा म्हणाले, "एक डाव पाहून येतो त्यायले."

"रस्ता लय खराब आहे बाबा. पावसाचं कुठी जाता?"

"हौ," ते म्हणाले. मला वाटलं, ऐकलं.

पोळ्यानंतरच्या बाजारात ते आले नाहीत. आला तो सुखराम, तीन बोटांचा. बैलाचा विषयही न काढता त्यानं विचारलं, "परभाकर भाऊ, तू त्या बाबाले कोणतं गाव सांगतलतं?"

"कोण बाबा?"

"कारूजी. आमच्या लाईनीत राह्यते ना, पोराच्या क्वार्टरमंधी. मी बाजूलेच."

त्यानं सांगितलं ते असं. कारूजी बाबांचा मुलगा भरवेलीला खदानीत पक्क्या नोकरीत होता. आई गेल्यावर त्यानं बापाला आपल्याकडं आणलं. शेती बटईनं दिली. क्वार्टरला पुढं चार हात जागा, तिथं बैल कुठं बांधणार? म्हणून जोडी विकायला काढली. "पैशाची कायची गरज त्याले? पोरगं म्हणे, फुकट देऊन टाक कोणाले. बाबाच म्हणे, फुकटाची कदर राह्यत नाही. इथं पायी आणली जोडी, दोन दिवस पोटात अन्न नाही बुढ्याच्या, रडून राह्यलता रस्त्यानं."

म्हणजे तो हात घाईनं थरथरत नव्हता. घाई माझ्या हातात होती. एवढी होती की दुसऱ्याच्या हातात मला तीच लागली.

"मंग पोळ्याले गेलता ना तो टेकाडीले," सुखराम पुढं म्हणाला. "गोंडे, घुंगरू, बेगड, पुरणाच्या पोळ्या, थैली भरून. दोन बसा बदलून. तिथल्या पटलाकडं तं बैलच नाही! ट्रॅक्टर उभा. लोकं म्हणे, बाबा, पोळ्याले ट्रॅक्टरले बांध गोंडे."

"मंग?"

"मंग काय. कोण्या दुसऱ्याच्या बैलायले बांधून आला. पोळ्याबी त्यायलेच चारल्या. थैली वापस कायले आणायची म्हणे." मग त्यानं विचारलं, "चुकून दुसरं गाव सांगतलं का तू?"

बिचाऱ्यानं मला वाट काढून दिली होती. मी ती घेतली. "हौ, चुकलंच माह्यं," मी म्हणालो. तो गेला आणि मी गमछा घडी करून थैलीत ठेवला. पुढच्या शनिवारपासून परसवाड्याला जाणं बंद केलं. दुसऱ्या बाजारांत जात राहिलो, पण कुणाचाही हात धरला की वाटे, हा मला वाचतोय. हळूहळू ते कामच सुटलं. लोक समजतात, ट्रॅक्टर आले म्हणून मी दलाली सोडून पशुखाद्याचं दुकान काढलं. मीही तसंच सांगत आलो. प्लॉटवर घर झालं. गच्चीवर उभं राहिलं की परसवाड्याच्या रस्त्यावरचे बसचे दिवे दिसतात. हे घर सुमनला खूप हवं होतं, पण त्या गच्चीवर माझ्यासोबत ती फारशी उभी राहत नाही. तिला मी एका उन्हाळ्यात सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यायले सांगतलं का?"

नव्हतं सांगितलं. आधी जोडी शोधू, मग जाऊ, रिकाम्या हातानं कसं जायचं, अशी एक पळवाट मी काढली होती. खरंच शोधत होतो मात्र. मुन्ना सेठनं दोन नावं सांगितली, दोन्ही चुकीची निघाली. बांड्या मला कधीच सापडला नाही. लाख्या सापडला तो अचानक. वारासिवनीकडं ढेपेची, म्हणजे पेंडीची, उधारी वसूल करायला गेलो होतो. एका शेताच्या बांधावर वखर उभा होता, आणि त्याला जुंपलेला लाख्या. जोडीला एक काळा बैल. मी ओळखून थांबलो. त्याचा मालक तरुण होता. म्हणाला, "बैल दमदार है भैया, पर टेढा चलता है. जू एक तरफ झुक जाता है. समझ में नहीं आता क्या बात है." मलाही समजलं नाही. मी लाख्याच्या मानेखाली हात नेला, तर त्यानं मान झटकून बाजूला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी सायकलनं भरवेलीला गेलो.

रस्ताभर मी भाषण तयार करत होतो. प्लॉट, बयाणा, सोमवारची मुदत, सुमनची एक खोली, काका नव्हते, हात पाहणारं कुणी नव्हतं. सगळं खरं होतं. सगळं क्रमानं लावलं होतं. खिशात सेठचे हजार आणि साडेतेरा-बारामधला फरक, असे पैसेही घेतले होते.

क्वार्टरपुढं बाबा खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. मला पाहून उठले नाहीत, सरकून जागा केली.

"ये परभाकर. लय दिवसानं."

सुनेनं चहा आणून दिला. मग तेच म्हणाले, "पोळ्यानंतर आलतो मी बाजारात. दोनदा आलतो. तू नव्हता."

"शिव्या द्याले आलते ना बाबा?"

"पयल्या खेपेले हौ," ते म्हणाले. "पटलाच्या दारात ट्रॅक्टर पाह्यला तवाच समजलं होतं मले. दुसऱ्या खेपेले नुसतं बोलाले आलतो. त्यायच्याबद्दल बोलाले दुसरं कोणी नव्हतं ना बाप्पा. पोरगं म्हणते, झालं ते झालं. तू तरी सांगत होता काही."

मी चहा खाली ठेवला. भाषण होतं तिथंच होतं, तोंडाशी. प्लॉटपासून सुरुवात करायची होती. मी ते सगळं सोडून दिलं.

"बाबा, रामप्रसादनं साडेतेरा देल्ले होते आन् त्याले जोडीच पाह्यजे होती. मी तुमाले अकरा सांगतले आन् त्याले पंधरा सांगतले. सेठानं मले हजार देल्ले. त्यानं पुढच्याच बाजारात जोडी फोडली. टेकाडीचं सगळं मी मनानं सांगतलं. बांड्या कुठी आहे मले माहीत नाही. लाख्याले काल वारासिवनीकडं पाह्यलं, त्याचा मालक म्हणे वखराले वाकडा चालते. मले माफ करा."

पैसे मी खाटेवर ठेवले. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. खदानीकडून भोंगा झाला, समोरच्या रस्त्यानं सायकली सुटल्या, त्या सगळ्या जाईपर्यंत ते रस्त्याकडं बघत राहिले.

"लाख्याले कोण्या अंगाले जुपते तो?"

मी आठवलं. "डाव्या."

"म्हनून वाकडा चालत असंन. त्याले उजवी सवय आहे, वासरापासून." मग ते म्हणाले, "त्या माणसाले सांगून ये."

मी पहिल्या बसनं गेलो आणि सांगून आलो.